पिढीचक्र सिद्धांत
इतिहास पिढ्यांच्या ठरावीक फेऱ्यांनी चालतो, असे मानणारी उपपत्ती. इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’त (१३७७) घराण्याची प्रतिष्ठा साधारण चार पिढ्यांची ठरवली : कमावणारी, तिच्याकडे पाहून शिकलेली, नुसते गिरवणारी आणि घालवणारी. स्ट्राउस व हाऊ यांनी १९९१ मध्ये अमेरिकेसाठी सुमारे ऐंशी वर्षांचे चक्र मांडले.

हे चार पिढ्यांचे माप पेशवे घराण्याला लावून पाहू. मोहोळ तालुक्यातील आष्टी येथे फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रजांशी लढताना पेशव्यांचे सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडले, पेशवा दुसरा बाजीराव निसटला आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती लागले. घराण्यातला पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ याच्यापासून मोजता हा बाजीराव चौथ्या पिढीचा. हिशेब चोख जुळतो. पण पानिपतानंतर राज्य सावरणारा थोरला माधवरावही चौथ्याच पिढीतला, त्याचा सख्खा चुलतभाऊ! पिढीमोजणी इथे लंगडी पडते. १८०२ च्या वसईच्या तहाने पुण्यावर बसलेली तैनाती फौज तर तिच्या हिशेबातच येत नाही.