केबल दोन, वाट एकच: ट्रॉम्बे, आर्वी आणि अलेक्झांड्रिया

ब्रिटिश तिजोरीने एका निकामी तारेपायी दरवर्षी सुमारे 36 हजार पौंड मोजले, तेही 1908 पर्यंत. सुवेझहून एडनमार्गे कराचीला आलेली ही तांबड्या समुद्रातील तार 1859-60 मध्ये टाकली गेली होती. पूर्ण लांबीवरून तिने एकही संदेश वाहिला नाही.

यामागची घाई समजण्यासारखी होती. 1857 च्या उठावाची बातमी लंडनला पोहोचायला सहा-सात आठवडे लागले होते. राज्यकर्त्यांना वेग हवा होता आणि कंपनीला काटकसर साधायची होती. म्हणून तार बारीक घेतली आणि ताणून टाकली. समुद्रतळाच्या चढउतारांसाठी आवश्यक असलेली ढील तिला ठेवलीच नाही. दोन उंचवट्यांमध्ये लोंबकळणारी तार अखेर तुटणारच होती. सरकारने मात्र भागधारकांना पन्नास वर्षांच्या व्याजाची हमी देऊन ठेवली होती.

या धड्याची किंमत मोठी होती, पण तो वाया गेला नाही. 1864 मध्ये इराणच्या आखातातून दुसरी तार आली आणि तुर्कस्तानच्या जमिनीवरील तारांना जोडली गेली. 1870 च्या आरंभी सीमेन्स बंधूंची लंडन-तेहरान वाट खुली झाली. त्याच वर्षी 'ग्रेट ईस्टर्न' या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत नवी समुद्री तार टाकली. एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहावी, आणि दोन्ही एकाच संकटात सापडू नयेत, हे तत्त्व त्या काळच्या तारयंत्रवाल्यांना नेमके उमगले होते.

शंभर वर्षांनी पर्याय आकाशात शोधला गेला आणि त्या कथेचा एक धागा ट्रॉम्बेला पोहोचतो. तेथील अणुसंशोधन केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागातूनच 1967 मध्ये हैदराबादची 'इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया' आकाराला आली. ए. एस. राव हे या संस्थेचे पहिले प्रमुख. नारायणगावजवळच्या आर्वी येथे उपग्रह भूकेंद्र उभे राहिले, त्यात या संस्थेचा मोठा वाटा होता. डिसेंबर 1971 मध्ये विक्रम साराभाई यांचे निधन झाले आणि या केंद्राला त्यांचे नाव मिळाले.

उपग्रहाला नांगराची भीती नाही. पण तो विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर असतो. शब्द वर जाऊन खाली यायला पाव सेकंद आणि प्रश्नाचे उत्तर परतायला अर्धा सेकंद लागतो. परदेशी फोनवर दोघेही एकदम बोलू लागत आणि मग दोघेही एकदम थांबत, ते यामुळेच.

1994 मध्ये मुंबईला 'सी-मी-वी 2' ही प्रकाशतंतूंची केबल आली आणि पुढे फ्लॅग, 'सी-मी-वी 3', 'सी-मी-वी 4' आल्या. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे मुंबई-लंडन फेरी सेकंदाच्या आठव्या-नवव्या हिश्श्यात पुरी होते. अवकाशातील अर्ध्या सेकंदापुढे हा वेग अजोड होता.

आता प्रश्न उरला संरक्षणाचा. प्रत्येक संदेश एकाच वेळी दोन वाटांनी पाठवला, तर एक वाट तुटल्यावर सेवा 50 मिलिसेकंदांत सावरते, मात्र खर्च जवळपास दुप्पट होतो. राखीव क्षमता अनेकांनी वाटून घेतली, तर पैसा वाचतो, पण सावरायला वेळ लागतो. शिवाय दोघांवर एकदम संकट आले, तर ती अपुरी पडते. या दोन्ही पद्धतींच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: वाटा खरोखर वेगळ्या असल्या पाहिजेत.

30 जानेवारी 2008 रोजी ते गृहीतक कोसळले. अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी 4' आणि फ्लॅग या दोन्ही केबल काही तासांच्या अंतराने तुटल्या. मालक वेगळे आणि करार वेगळे, पण समुद्रतळावरील गल्ली एकच. भारताची निम्म्याहून अधिक बाह्य क्षमता बाधित झाल्याचा अंदाज त्या वेळी सेवादारांच्या संघटनेने वर्तवला. दोनच दिवसांनी दुबईजवळ फाल्कन केबल तुटली. तेथे कित्येक टनांचा एक बेवारस नांगर सापडला. युरोपकडे जाणारी वाहतूक सिंगापूर, प्रशांत महासागर आणि अमेरिका असा वळसा घालून जाऊ लागली. संदेश पोहोचत होते, पण उशिरा.

मग केपमार्गे केबल का नेली नाही? मुंबई-लंडन अंतर त्या वाटेने सुमारे आठ हजार किलोमीटरांनी वाढते. म्हणजे प्रत्येक फेरीला 80 मिलिसेकंद जास्त, आणि तितक्या केबलचा व देखभालीचा खर्च वेगळा. 2010 च्या सुमारास 'आय-मी-वी' आणि 'युरोप इंडिया गेटवे' या नव्या केबल आल्या, त्याही इजिप्तमधूनच. क्षमता वाढली, वाट तीच राहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये तांबड्या समुद्रात तुटलेल्या केबलींमध्ये 'युरोप इंडिया गेटवे' होती. सप्टेंबर 2025 मध्ये जेद्दाहजवळ तुटलेल्या केबलींमध्ये 'सी-मी-वी 4' आणि 'आय-मी-वी' होत्या.