गोठणीवरची जाळी

माझ्या आज्याचा वाडा चांदोलीच्या डोंगरमाथ्यावर होता. म्हशी राखणाऱ्या गवळी धनगरांचा. खोऱ्यात कुणब्यांची शेती, वर आमची म्हसरं. तूप खाली उतरायचं, नाचणी वर चढायची. १९८५ साली कोयना आणि चांदोली अभयारण्यं जाहीर झाली, २००४ मध्ये चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. या काळात वाडा उठला, म्हशी विकल्या गेल्या.

त्यानंतर डोंगराचं काय झालं, हे मला आजीनं सांगितलं. पहिली काही वर्षं नुसतं गवत. खाणारं तोंड उरलं नाही, त्यामुळे ते छातीएवढं वाढायचं, फाल्गुनात वाळायचं आणि वणव्यात सापडायचं. जिथे आग पोचली नाही, तिथे करवंद, तोरण, रामेठा यांनी पाय रोवले. "करवंदीची जाळी म्हंजी झाडाची दाई," आजी म्हणायची. बुलबुल जाळीवर बसतो, त्याच्या विष्ठेतून बी पडतं. आत सावली, ओल आणि काट्यांचा पहारा, म्हणून गव्या-सांबरांचं तोंड कोवळ्या रोपापर्यंत पोचत नाही. बऱ्याच पावसाळ्यांनी जांभूळ किंवा अंजनी त्या जाळीतून डोकं वर काढते.

उतारांवर मात्र कारवीचं राज्य. पूर्वी घराच्या कुडांसाठी तिच्या काठ्या तोडून आणत. आता ती इतकी दाट माजते, की तिच्या खाली फारसं काही उगवत नाही. सात-आठ वर्षांनी सगळी एकदम फुलते, बी धरते, मरते. तेवढ्यापुरतं ऊन जमिनीवर येतं, आणि दुसऱ्या रोपांना संधी मिळते ती तेव्हाच.

सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, तर जंगल येतच नाही. जांभ्यावर मातीचा थर जेमतेम. तिथे गवत आणि पावसाळी फुलंच खरी. चराई थांबली म्हणजे सगळा डोंगर झाडांनी भरेल, हे मला म्हणूनच पटत नाही.

म्हशी जिथे दुपारी बसत, त्या खताळलेल्या गोठणीवर टाकळा आणि घाणेरी माजली, असंही आजी सांगायची. परक्या माणसाला तो नुसता रानाचा एक तुकडा वाटेल. गोठण कुठे होती, कुठल्या साली कुठला वाडा उठला, वणवा कुठवर आला, हे पुनर्वसनाच्या गावठाणांतली म्हातारी माणसंच सांगू शकतात. वनविभागानं आणि अभ्यासकांनी ते आत्ताच लिहून घ्यावं. नाहीतर त्या रानाचं वय मोजायला सुरुवात कुठून करायची?