पेठेतली ओंजळ

मोळी एवढ्यात उतरवू नका. महाडची पेठ अजून लांब आहे, आणि एकदा भारा खाली टेकला की तो पुन्हा डोक्यावर चढवून द्यायला या रस्त्यावर कुणी पुढे येणार नाही. साल 1926 धरा. पोलादपूरच्या अंगाच्या एका वाडीतून तुम्ही तांबडं फुटायच्या आधी निघालात. सावित्री वाटेत दिसत होती तोवर बरं होतं. आता ऊन चढलंय, चुंबळीखालून घाम कानामागे ओघळतोय, आणि घसा गावाबाहेरच कोरडा पडलाय. पेठेत शिरल्यावर पाण्याचं काय करायचं, हा विचार लाकडांना काय भाव मिळेल या विचाराच्याही आधी तुमच्या डोक्यात आहे.

महाड म्हणजे चांगली नांदती पेठ. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर माल वर चढतो, वरंध घाट उतरून बैलगाड्या येतात. मीठ, सुकी मासळी, कापड, रॉकेलचे डबे. तालुक्याचं ठाणं इथेच, म्हणून मामलेदार कचेरीही इथेच. गावचा सारा पोचवायला पाटलाबरोबर आलेले महार, टपाल घेऊन आलेले, कामगिरीवर बोलावलेले, असे तुमच्यासारखे कितीतरी लोक आज पेठेत आहेत. तुमची लाकडं पेठेला हवी आहेत, तुमचे पायही सरकारला हवे आहेत. दुकानदार मोळीभोवती एक फेरी मारतो, भाव पाडतो, आणि ठरलेले पैसे वरून तुमच्या हातात टाकतो. बोटाला बोट लागत नाही. तुम्ही मीठ घेता, तेही असंच वरून पडतं.

आता पाणी.

गावाच्या मध्यभागी मोठं तळं आहे. पावसाचं पाणी आणि आतले झरे, दोन्हींवर ते भरतं. चारी बाजूंनी बांध घातलेला. बांधाला लागून खासगी जमिनीच्या अरुंद पट्ट्या, त्यापलीकडे नगरपालिकेचा रस्ता, आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं. परगावच्या माणसाला महाडात पाणी प्यायचं तर हेच चवदार तळं. मुसलमान इथून पाणी नेतो, त्याला कुणी हटकत नाही. गुरं बांधावरून उतरून तोंड घालतात. तुम्ही रस्त्यावर उभे राहून हे पाहता आणि पुढे चालू लागता, कारण तुमची विहीर गावाच्या कडेला, महारवाड्यात आहे. नगरपालिकेनं कधी लक्ष न दिल्यामुळे ती गाळानं बुजत आलीय. हातात मिठाची पुरचुंडी, कनवटीला लाकडाचे पैसे, आणि सगळा बाजार ओलांडून पाण्यासाठी उलट चालणं. याच हालांमुळे लाडवलीच्या रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाच्या पुढाकारानं अस्पृश्यांसाठी पेठेत चहाचं दुकान निघालं होतं. चहा हे निमित्त. बाजाराला आलेल्या माणसाला टेकायला जागा आणि घोटभर पाणी मिळावं, हा त्यातला खरा हेतू. महाडच्या लढ्याची सुरुवात सभेच्या मांडवात शोधण्याआधी या दुकानात शोधावी, असं मला मनापासून वाटतं.

आता काही क्षण समुद्र ओलांडा. ज्यांचं राज्य तुमच्या डोक्यावर आहे, त्यांच्या मुलखातल्या एका बाजारात उभे राहा. इंग्लंडच्या दक्षिणेला चिचेस्टर नावाचं गाव. चार मुख्य रस्ते जिथे मिळतात तिथे, अगदी चौकात, दगडी कमानींचा एक नक्षीदार मांडव आहे. एडवर्ड स्टोरी या बिशपनं तो 1501 च्या सुमारास बांधून घेतला, तो अशासाठी की गरीब शेतकऱ्याला बाजाराचा कर न भरता आडोशाला बसून आपला माल विकता यावा. ब्रिटनमधल्या जुन्या बाजारगावांच्या चौकांत असे दगडी क्रूस, खांब आणि छत्र्या पुष्कळ आहेत. इथे बाजार भरवण्याचा हक्क आहे, असं तो दगड येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. सौदे त्याच्या साक्षीनं होत, राजाज्ञा त्याच्या पायथ्याशी वाचल्या जात. एडिंबरोच्या मर्कॅट क्रॉसवरून नव्या राजाची द्वाही 2022 मध्येसुद्धा फिरली. तिथल्या गोरगरिबांचं सगळं बरं चाललं होतं असं नव्हे, त्याच चौकांत माणसांना चाबकानं फोडूनही काढलं जाई. पण चौकातला दगड सगळ्या गावाचा, आणि त्याच्यापाशी पुकारलेली गोष्ट सगळ्या गावानं ऐकलेली, एवढं मात्र पक्कं होतं.

महाडात पुकारा कुठे झाला? 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले. 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस, ज्यांना लोक सुरबानाना म्हणत, त्यांच्यासारखी माणसं त्या नगरपालिकेत होती. ठराव नेक होता. पण तो कागदावर राहिला. तुम्ही पुन्हा चवदार तळ्याच्या रस्त्यावर येऊन उभे राहा: ठराव होऊन दोन वर्षं उलटलीत, आणि तुमची ओंजळ कोरडी आहे.

19 मार्च 1927, शनिवार. शिमग्याची पौर्णिमा नुकतीच झालीय. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेसाठी तुम्ही पुन्हा महाडात आला आहात, या वेळी डोक्यावर भारा नाही. हजारोंनी माणसं जमलीत. काठी टेकत आलेले म्हातारे आहेत, पलटणीतून पेन्शन घेतलेले महार सुभेदार, हवालदार आहेत. अशाच एका पेन्शनर सैनिकानं, गोपाळबाबा वलंगकरांनी, या तालुक्यात फार आधी माती नांगरून ठेवली होती. 1895 साली त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमलं, तेव्हा बरोबर बसावं लागणार म्हणून सवर्ण सभासद खवळले होते. मांडवात एवढ्या माणसांना पाणी लागतं. तळं हाकेच्या अंतरावर, नगरपालिकेचा ठराव तीन वर्षांचा जुना, आणि परिषदेला चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागतं. तुम्ही त्यातलं एक भांडं पिता. पाण्याला किंमत असते हे तुम्हाला त्या घोटानं कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परिषद आटोपायला येते. आभार मानायला अनंतराव चित्रे उठतात. कायस्थ माणूस, पण या कामात पहिल्यापासून. ते आभाराचे चार शब्द बोलून खाली बसत नाहीत. परिषदेचं एक मोठं काम राहिलंय, ते म्हणतात. नगरपालिकेचा ठराव आहे, अध्यक्षांसह आपण सगळे आत्ताच तळ्यावर जाऊ. मांडवात एक क्षण कुणी हलत नाही, आणि मग सगळेच हलतात.

तुम्ही रांगेत आहात. पुढे परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर, वय पस्तीस. ज्या रस्त्यानं तुम्ही मोळी घेऊन येत होता, त्याच रस्त्यानं रांग चाललीय. दुकानांच्या फळ्यांआडून, ओट्यांवरून माणसं बघताहेत. तुमच्याकडे आजवर कुणी एवढ्या रोखून पाहिलं नव्हतं. तळ्याच्या बांधाशी येऊन रांग थबकते. बाबासाहेब पायऱ्या उतरतात, वाकतात, ओंजळ भरून पाणी पितात. मग बाकीचे. मग तुमची पाळी. पाय पाण्यात जातो तेव्हा आतल्या गारव्यानं तुम्ही दचकता. इतकी वर्षं वरून पाहिलेलं पाणी एवढं गार असेल हे ठाऊकच नव्हतं. ओंजळ भरता. हात थरथरून अर्धं पाणी सांडतं, उरलेलं पिता. कुणी घोषणा दिली की नाही ते तुम्हाला आठवणार नाही. बांधावर परत चढताना ज्यांच्या खांद्याला तुमचा खांदा लागला त्यांचे चेहरे आठवतील.

पुढचं लवकर घडतं. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई कुणीतरी उठवतं. तासा-दोन तासांत लाठ्या घेतलेला जमाव मांडवावर येतो. जेवणाची भांडी उलथली जातात, अन्न मातीत कालवलं जातं. परतीच्या वाटेला लागलेली एकटीदुकटी माणसं गल्ल्यांत गाठून मारली जातात. काहींना मुसलमानांच्या घरांनी आत घेतलं, म्हणून ती वाचली. पलटणीतली माणसं दात-ओठ खात, बाबासाहेब आहेत त्या सरकारी बंगल्याकडे धावतात. एक शब्द मिळाला असता तर महाडचं चित्र वेगळं झालं असतं. बाबासाहेब तो शब्द देत नाहीत. कायदा हातात घ्यायचा नाही. तुम्ही मनगट आवळून उभे राहता. ते आवळून धरणं हेही त्या दिवसाचं काम होतं, आणि लाठी उचलण्याहून ते फार जड होतं. पुढे खटला चालून हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आणि तळं? 108 घागरी पाणी उपसून, दूध-दही-शेण-गोमूत्र ओतून, मंत्र म्हणून सवर्णांनी ते शुद्ध करून घेतलं. गुरांच्या तोंडानं न बाटलेलं पाणी तुमच्या ओंजळीनं बाटलं होतं. 4 ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी, नगरपालिकेनं आपला 1924 चा ठराव मागे घेतला.

डिसेंबरात तुम्ही पुन्हा येता. या वेळी पेठ तुम्हाला ओळख देत नाही. लाकडं घेणारी, सारा मोजून घेणारी हीच पेठ. पण सत्याग्रह परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नाही, धान्य विकायला कुणी तयार नाही. शेवटी फत्तेखान नावाचे एक मुसलमान गृहस्थ आपली जमीन देतात. शिधासामग्री बाहेरून आणावी लागते. बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघून 25 तारखेच्या दुपारी दासगावला उतरतात, तिथून सगळे पाच मैल चालत महाडला. त्या दिवशीच्या भाषणात ते 1789 ची फ्रान्सची राष्ट्रीय सभा आणि ही परिषद शेजारी-शेजारी ठेवतात. तुम्ही फ्रान्स पाहिलेला नाही. पण कुठल्या तरी दूरच्या चौकात माणसं अशीच उठली होती, एवढं तुम्हाला पुरेसं कळतं.

रात्री नऊच्या सुमारास मांडवासमोरच्या एका खड्ड्याभोवती गर्दी होते. खड्डा अगदी लहान, दीड फूट चौरस, सहा इंच खोल, चंदनाच्या ढलप्यांनी भरलेला. चारी कोपऱ्यांवर खांब रोवलेले, त्यांना फलक बांधलेले. अक्षर ओळख असेल तर वाचा: ‘मनुस्मृतीची दहनभूमी’. गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे, जन्मानं ब्राह्मण, त्यांनीच दहनाचा ठराव मांडलाय, आणि आता पोथी आगीत जाते. ज्वाळा फार उंच जात नाहीत. तुम्ही त्या चार खांबांकडे बघत राहता. दगड नाही, कोरीव काम नाही, उद्या उपटून नेता येतील असे साधे खांब. महाडातली पहिली स्मारकं ती हीच, असं मी मानतो. चिचेस्टरला आधी दगड उभा राहिला आणि हक्क त्याच्या छायेत येऊन बसला. इथे हक्क आधी ओंजळीत आला, मार खाल्ला, मग खांब रोवला गेला, आणि दगड फार उशिरा आला.

त्या वेळी तळ्यावर मात्र तुम्ही गेला नाहीत. सवर्णांनी 12 डिसेंबरला दावा लावला होता, तळं खासगी आहे म्हणून, आणि 14 तारखेला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. कलेक्टर हूड मांडवात येऊन समजावून गेले. हजारोंची तयारी असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. तुम्ही महाडच्या रस्त्यांवरून मिरवणूक काढून परतलात. बऱ्याच जणांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग दहा वर्षं कागद हलत राहिले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी सवर्णांचं अपील फेटाळलं. तळ्यावर अस्पृश्यांनी यायचं नाही ही पुरातन वहिवाट आहे, हे सवर्णांना सिद्ध करता आलं नव्हतं. हे तेच ब्रूमफील्ड, ज्यांनी 1922 साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. तुम्ही पाणी प्यायलात त्याला दहा वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस कमी होते.

आता आजच्या महाडात या. महामार्गावरून उतरलात की तळं विचारावं लागत नाही. तळ्यावर बाबासाहेबांचा पुतळा आहे, दहनाच्या जागी क्रांतिस्तंभ आहे, आणि 20 मार्च आणि 25 डिसेंबरला गावाचे रस्ते माणसांनी भरून वाहतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, लोक पिशव्या भरून पुस्तकं नेतात. त्या दिवशी गेलात तर तळ्यावरून क्रांतिस्तंभाकडे पेठेतूनच पायी जा. मुलं बरोबर असतील तर स्तंभापाशी त्यांना फक्त पोथी जाळल्याची गोष्ट सांगून थांबू नका. जागा कुणी दिली, कुणी दिली नाही, धान्य बाहेरून का आणावं लागलं, आणि चाळीस रुपये कशाचे मोजले, हेही सांगा.