तरंगंबाडीत उतरावे कोठे?

प्रवासाला निघणाऱ्यास आपल्या जुन्या घरांतून प्रथम विचारले जाई ते "उतरणार कोठे?" असे. काय पाहणार, काय आणणार, हे प्रश्न मागाहून येत. 'उतरणे' या क्रियापदात घोडा, बैलगाडी, गलबत सारी वाहने आली. शिवाय ज्याच्या दारी आपण उतरलो त्याच्याशी जडणारे नातेही आले. हल्ली आपण 'राहतो' किंवा 'खोली घेतो'. या फरकाचा विचार करण्यास तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडीसारखे दुसरे गाव आम्हांस सुचत नाही. ते गाव डेन्मार्कवाल्यांचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी ज्या राज्याच्या भूमीवर ते वसले होते ते राज्य पाऊणदोनशे वर्षे मराठी होते.

१६२० साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या राजाशी करार करून समुद्रकाठची ही लहानशी जागा व्यापारासाठी दिली. त्याबदली तंजावरला दरसाल खंडणी मिळावी असे ठरले. डेन लोकांनी लगोलग डान्सबोर्ग किल्ला बांधला. पुढे १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि खंडणी स्वीकारणारा दरबार मराठी झाला. संबंध नेहमीच सलोख्याचे होते असे नाही. १६९९ च्या सुमारास तंजावरच्या फौजेने गावाला वेढाही घातला होता. १७०६ मध्ये त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूचाव हे दोन धर्मोपदेशक येथे उतरले, छापखाना आला, आणि १७१५ पर्यंत बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापून झाला. याच मिशनमध्ये १७५० साली आलेला श्वार्त्झ पुढे बाल सरफोजीचा पालक आणि शिक्षक ठरला. तंजावरच्या राजवाड्यातील विद्याप्रेमाची एक वाट अशी तरंगंबाडीहून गेलेली आहे.

१८४५ मध्ये डेन लोकांनी आपल्या हिंदुस्थानातील वसाहती साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांस विकल्या. काही वर्षे जिल्ह्याचे मुख्य ठाणे येथे होते. तेही १८६० च्या सुमारास तंजावरला हलले. आगगाडी प्रथम नागपट्टणला गेली आणि व्यापार तिच्यामागे गेला. तरंगंबाडीपर्यंत रूळ यायला १९२६ साल उजाडले, आणि १९८६ मध्ये ती गाडीही बंद झाली. गाव मागे पडले म्हणूनच गावाची वेस, राजरस्ता, खांबांच्या पडव्यांची घरे आणि १७०१ व १७१८ सालची दोन देवळे (ख्रिस्ती लोकांची) पाडण्याचे कोणास कारण उरले नाही. ऐतिहासिक म्हणून जपलेल्या पुष्कळ गावांची खरी हकिगत अशीच असते.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र या घरांकडे लक्ष गेले. किल्ल्यासमोरील काही जुन्या वास्तू दुरुस्त झाल्या, काहींत पाहुण्यांची सोय झाली. उंच छत, रुंद व्हरांडा, समोर समुद्र. ज्यास ऐपत आहे त्याने तेथे एक रात्र काढावी. त्यात आम्हांस गैर काही दिसत नाही. भाड्याच्या पैशावर चुन्याच्या भिंती उभ्या राहत असतील तर बरेच. मात्र समुद्राच्या अगदी काठी उतरताना एवढे ध्यानी असावे की हाच समुद्र १३०६ साली बांधलेल्या मासिलामणिनाथाच्या देवळाचा मोठा भाग गिळून बसला आहे, आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत येथील कोळीवाड्याची भयंकर हानी झाली. किनाऱ्यावरच्या लोकांना लाटांचे संगीत ऐकू येते ते या आठवणीसकट.

ज्यांच्या घरी साठी किंवा सहस्रचंद्रदर्शन निघाले आहे, त्यांनी मुक्काम तिरुक्कडैयूरला करावा. ते सात-आठ किलोमीटरवर आहे. मार्कंडेयासाठी शिवाने यमाला जिंकले ते हे क्षेत्र, म्हणून दीर्घायुष्याच्या शांती करण्यास सबंध दक्षिणेतून कुटुंबे येथे येतात आणि उतरण्याची सोयही त्या बेताची आहे. अभिरामी भट्टाची आख्यायिका याच देवळातली. पहिल्या सरफोजीराजाने तिथी विचारली. देवीच्या ध्यानात बुडालेला भट्ट अमावास्येस पौर्णिमा म्हणून बसला. आणि देवीने आपले कर्णभूषण आकाशात फेकून चंद्र दाखवला. तमिळ भक्तीच्या या लाडक्या कथेत राजा भोसले आहे, हे आपल्यापैकी कितीकांस ठाऊक असते?

पण आमचा मूळ प्रश्न वेगळा आहे. हॉटेल आणि लॉज नव्हते तेव्हा या किनाऱ्याने रामेश्वराकडे जाणारा यात्रेकरू उतरे कोठे? याचे उत्तर छत्र. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांस 'छत्री' म्हटले की राजघराण्यातील मृतांची घुमटदार स्मारके आठवतील. तंजावरचे 'छत्र' म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा दोन्ही. तेही कित्येकदा स्मारकच असे, फक्त त्या स्मारकात चूल पेटे. ओरत्तनाडूचे मुक्तांबापूर छत्र दुसऱ्या सरफोजीने १८०२ मध्ये बांधले ते मुक्तांबा या आपल्या प्रिय सहचरीच्या नावाने. ती त्यांची विवाहित राणी नव्हती. तरीही गावजेवणापेक्षा मोठे दान तिच्या नावावर दोन शतके लोकांच्या तोंडी राहिले.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडून राज्यकारभार गेला. किल्ला, मान आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. छत्रांच्या इनाम गावांवरही कंपनीची नजर जाणार असे दिसताच राजांनी १८०१ मध्ये रेसिडेंट टोरिन यास लिहिले. आपल्या लोकांनी हे पत्र दरवर्षी एकदा वाचावे असे आम्हांस वाटते. त्यातील मजकूर थोडक्यात असा: ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्यास शिजवलेला भात मिळतो, ज्यास शिजवलेले चालत नाही त्यास शिधा मिळतो. वाढप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून कोणी उपाशी राहिला आहे का असे पुकारले जाते. पुढे जाऊ न शकणारा बरा होईपर्यंत राहतो. छत्रात वैद्य आहेत, सर्पविषावर उतारा देणारे आहेत, वेदपाठक आणि पंतोजी आहेत. परक्या वाटसरूंची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली होतात. त्यांना तीन वेळा जेवण आणि दर चौथ्या दिवशी तेल. गरोदर स्त्रीची काळजी घेतली जाते, तान्ह्या मुलास दूध मिळते.

दर चौथ्या दिवशी तेल! राज्य गेलेला राजा एका परकी अधिकाऱ्याला हे सांगतो आहे. जातिभेद छत्रात गळून पडत असे असा अर्थ कोणी काढू नये. मृताचे संस्कारही ज्याच्या त्याच्या जातीप्रमाणे होत, असे पत्रच सांगते. शिवाय हा खर्च इनाम गावांच्या कुळांच्या घामातून येई, हेही विसरू नये. पत्रामागे राजकारण होते, हेही उघड आहे. राज्याचे सर्व अधिकार गेल्यावर यजमान होण्याचा अधिकार तरी राहावा, अशी ती धडपड होती. आम्हांला ती धडपड क्षुद्र वाटत नाही. फौज नाही, न्यायदान नाही, तेव्हा राजेपण कशात उरते याचे उत्तर सरफोजींनी मध्यरात्रीच्या घंटेत शोधले, आणि छत्रे त्यांच्याकडे राहिली.

१८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या मृत्यूने गादी संपली. छत्रे सरकारी व्यवस्थेखाली गेली. कित्येक इमारतींत पुढे शाळा वा वसतिगृहे आली, काही पडक्या झाल्या. आज तेथे पथारी टाकता येत नाही. परदेशी गव्हर्नरांची घरे पाहुण्यांसाठी उघडली आणि पाहुण्यांसाठीच बांधलेली घरे मिटली, हा उलटा न्याय बोचतो खरा. परंतु त्याचा दोष डेन वास्तू जपणाऱ्यांवर टाकणे बरोबर नाही. आपल्या मंडळांतून, संमेलनांतून या इमारतींच्या डागडुजीसाठी किती अर्ज गेले, हे आपणच आठवून पाहावे.

तेव्हा आमची सूचना अशी. तंजावरहून तरंगंबाडी सुमारे शंभर किलोमीटर. मायिलादुथुरैपर्यंत आगगाडी आहे, पुढे बस मिळते. वयस्कांनी मायिलादुथुरै किंवा कारैक्काल येथे उतरावे, दोन्हीकडे दवाखाना, बाजार जवळ. तरुणांनी गावातच राहून पहाटे किल्ल्यावर जावे. परतताना एक दिवस राखून ठेवावा आणि दक्षिणेकडे वळून ओरत्तनाडूचे छत्र पाहावे. तसेच पुढे पट्टुकोट्टैच्या पलीकडे समुद्रावर सरफोजींनी १८१४-१५ मध्ये नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाप्रीत्यर्थ उभारलेला आठ मजली मनोरा आहे. त्यावरील शिलालेखांत मराठीही आहे. सोबत शिदोरी असावी. एखादा वाटसरू भेटल्यास त्यालाही पुरेल इतकी.