कोळशाचं दौंड

शिरूरहून न्हावरे, चौफुला करत तुम्ही दौंडला येता. तुमच्या घोडनदीला, म्हणजे शिरूरला, रूळ नाहीत, म्हणून जंक्शनचं अप्रूप लहानपणापासूनचं. फलाट संपतो तिथे खडीत एक काळा तुकडा दिसतो. दगडासारखा, पण हलका आणि भोकाभोकांचा. जळून उरलेला कोळसा. तो मुठीत घट्ट धरा.

साल १९६५, पहाटेचे चार. डोक्यावरच्या विजेच्या तारा गेल्या. ओला कोळसा, तापलेलं तेल आणि वाफ यांचा वास नाकात शिरतो. चित्तरंजनच्या कारखान्यातलं डब्ल्यूजी जातीचं वाफेचं इंजिन समोर धापा टाकतंय.

"वर या भाऊ, पण दांड्याला हात लावू नका, भाजेल."

फायरमन धूळ बसावी म्हणून कोळशावर पाणी मारतो. मग भट्टीचं दार उघडतं आणि तुमच्या भुवया तापतात. तो फावडं उलटं करून आत धरतो, ज्वाळा बाजूला सारून आगीचा थर न्याहाळतो. जिथे थर पातळ, तिथेच कोळसा. शेगडी लांबरुंद. ढीग एकाच जागी पडला, तर वाफ कमी आणि धूर जास्त.

मनमाडचा फाटा १८७८ साली सुरू झाला, पण त्याचं तोंड पुण्याकडे नाही. पुण्याहून आलेल्या गाडीचं इंजिन सोडायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. तेवढ्या वेळात प्रवासी चहा पितात. फायरमनच्या पाठीला मात्र उसंत नाही.

शेडमध्ये इंजिनाची राख खड्ड्यात ओढतात. कुंपणापाशी बाया पाट्या घेऊन उभ्या. धगधगत्या राखेतून त्या अर्धवट जळालेले तुकडे वेचतात. इंजिनानं टाकलेल्या कोळशावर घरची भाकरी भाजायची आहे.

मूठ उघडा. वाफेची इंजिनं गेली. मनमाडकडच्या गाड्यांना दौंड टाळून जायला कॉर्ड लाइन झाली. त्या शेडचा इतिहास आपण इंजिनांच्या नावांनी सांगतो. ज्यांच्या छातीत ती धूळ बसली, त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

तुकडा खिशात घाला, शिरूरला न्या, शाळेतल्या पोरांच्या हातात द्या. आधी त्या बायांचं सांगा, मग फायरमनचं. इंजिनाचं पोरं स्वतःच विचारतील.