9 सामने की 42 सामने? नॉटिंगहॅम फॉरेस्टचा युरोपातला इतिहास



पीएचडीच्या मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाला सॅम्पल साइजची व्याख्या पाठ असते. पण सॅम्पल लहान असलं की निष्कर्षाचं नेमकं काय होतं, हे बघायचं असेल तर आज लॅबच्या बाहेर जाऊ आणि इंग्लंडमधला एक फुटबॉल क्लब घेऊ: नॉटिंगहॅम फॉरेस्ट. या क्लबने आपल्या देशाची लीग एकदाच जिंकली आहे, आणि युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा, म्हणजे युरोपियन कप, दोनदा! देशातल्या विजेतेपदांपेक्षा युरोपियन कप जास्त असलेला हा एकमेव क्लब. असं कसं झालं?

आधी घटनाक्रम बघू. 1961 मध्ये फॉरेस्ट पहिल्यांदा युरोपात खेळला, फेअर्स कपमध्ये, आणि पहिल्याच फेरीत व्हॅलेन्सियाकडून हरला. 1975 च्या जानेवारीत ब्रायन क्लफ प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. पुढच्या वर्षी त्याचा जुना सहकारी पीटर टेलर येऊन मिळाला. 1977 मध्ये संघ वरच्या श्रेणीत चढला आणि 1978 मध्ये थेट लीग जिंकला.

लीग जिंकल्यामुळे युरोपियन कपचं दार उघडलं. पहिल्याच फेरीत समोर कोण, तर लिव्हरपूल, म्हणजे आधीच्या सलग दोन वर्षांचा युरोपियन विजेता. फॉरेस्टने घरच्या मैदानावर 2-0 असा विजय मिळवला आणि परतीचा सामना 0-0 बरोबरीत सोडवला. पुढे एईके अथेन्स, ग्रासहॉपर्स आणि उपांत्य फेरीत कोलोन. 30 मे 1979 ला म्युनिकमध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसच्या गोलने माल्मोचा 1-0 असा पराभव झाला. पुढच्या वर्षी 28 मे 1980 ला माद्रिदमध्ये जॉन रॉबर्टसनच्या गोलने हॅम्बुर्गवर पुन्हा 1-0.

आता खरी गंमत बघा. ज्या 1979-80 च्या हंगामात फॉरेस्ट युरोपचा विजेता ठरला, त्याच हंगामात इंग्लंडच्या लीगमध्ये तो पाचवा होता. संघ तोच, प्रशिक्षक तोच, वर्षही तेच. मग एक मोजमाप 'युरोपात पहिला' म्हणतं आणि दुसरं 'देशात पाचवा', हे कसं?

कारण दोन्ही मोजमापांची रचना वेगळी आहे. लीगमध्ये 42 सामने होते. एखादा दिवस वाईट गेला तरी उरलेले सामने तो भरून काढतात. युरोपियन कपमध्ये बाद फेऱ्या होत्या: चार फेऱ्यांचे दोन-दोन सामने आणि एक अंतिम, एकूण 9. इतक्या कमी सामन्यांत एका गोलाचं वजन प्रचंड वाढतं.

इथे बरेच जण घाई करतात आणि म्हणतात, 'म्हणजे नशीबच की!' थांबा. दोन्ही वर्षांचे मिळून 18 सामने घ्या: 12 विजय, 4 बरोबरी, 2 पराभव. शिवाय नोव्हेंबर 1977 ते नोव्हेंबर 1978 या काळात हा संघ लीगमध्ये सलग 42 सामने हरला नव्हता. तो संपूर्ण हंगामाएवढा डेटा आहे, तो नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही. पण 'क्लफ जादूगार होता' एवढंच उत्तरही पुरत नाही. 1980-81 मध्ये तोच क्लफ होता आणि संघ पहिल्याच फेरीत सीएसकेए सोफियाकडून दोन्ही सामने 0-1 असे हरला. संघ खरोखर चांगला होता, आणि लहान सॅम्पलने त्याचं यशही मोठं दाखवलं आणि अपयशही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात.

दुसरा मुद्दा व्याख्येचा. तेव्हा युरोपियन कपमध्ये प्रत्येक देशाचा लीगविजेता आणि मागच्या वर्षीचा कपविजेता एवढेच येत. 1992 मध्ये स्पर्धेचं नाव चॅम्पियन्स लीग झालं, 1997 पासून उपविजेत्यांनाही प्रवेश मिळू लागला. 2025 मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनला हा चषक जिंकायला 17 सामने खेळावे लागले. तक्त्यात दोन्ही विजेतेपदं एकाच रकान्यात बसतात, पण ज्या उपकरणाने मोजलं ते मधल्या काळात बदललंय. आपल्या भाषेत सांगायचं तर कॅलिब्रेशन न तपासता दोन रीडिंगची तुलना करायची नाही.

तिसरा मुद्दा जरा कडू आहे. 1984 च्या यूएफा कप उपांत्य फेरीत फॉरेस्टने अँडरलेख्टला घरी 2-0 असं हरवलं आणि बेल्जियममध्ये 0-3 असा पराभव पत्करला. त्या सामन्यात शेवटी शेवटी फॉरेस्टचा एक गोल पंचांनी नाकारला. 1997 मध्ये उघड झालं की अँडरलेख्टच्या अध्यक्षांनी त्या पंचांना सुमारे 27,000 पौंड दिले होते, 'कर्ज' या नावाखाली. तोवर ते पंच हयात नव्हते. निकाल मात्र तसाच राहिला. आजही आकडेवारीत 0-3 च दिसतं, आणि त्या खेळाडूंच्या हातून गेलेली अंतिम फेरी कुठल्याच रकान्यात दिसत नाही. डेटासेट स्वच्छ दिसला म्हणजे तो स्वच्छ असतोच असं नाही.

1996 मध्ये बायर्न म्युनिककडून हरल्यानंतर फॉरेस्ट युरोपात परतला तो थेट 2025 मध्ये, युरोपा लीग खेळायला. त्या कामगिरीची 1979 शी तुलना करणारे लेख तुम्हाला भरपूर सापडतील. वाचताना तीन प्रश्न विचारा: किती निरीक्षणं आहेत? मोजायची पद्धत तीच आहे का? आणि नोंद कोणी, कशी केली? हेच तीन प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसमधल्या पहिल्या तक्त्यालाही लावून बघा. गाइडने विचारण्याआधी आपण विचारलेले बरे.