वीजगाड्यांचा आकडा आणि चाळीतला प्लग

२०३० पर्यंत महाराष्ट्रात नोंदल्या जाणाऱ्या दर शंभर नव्या गाड्यांपैकी तीस विजेवरच्या असाव्यात, असं राज्याच्या २०२५ च्या धोरणाचं उद्दिष्ट आहे. आकडा ऐकायला झकास आहे. पण असे आकडे आपण आधीही ऐकलेत.

२०१३ साली केंद्राच्या राष्ट्रीय योजनेत म्हटलं होतं की २०२० पर्यंत देशात हायब्रिड धरून साठ-सत्तर लाख वीजगाड्या असतील. २०२० उजाडलं, आपण जवळपासही नव्हतो. २०१८ साली राज्याने पाच वर्षांत पाच लाख वीजगाड्यांचं लक्ष्य ठेवलं. ती पाच वर्षं भरायच्या आत, २०२१ मध्ये दुसरं धोरण आलं: २०२५ पर्यंत नव्या नोंदणीत दहा टक्के. आता २०३० आणि तीस टक्के.

दरम्यान दिल्ली-उत्तर प्रदेशात ई-रिक्षा धडाधड वाढल्या. त्यासाठी कुणी मोठं लक्ष्य ठेवलं नव्हतं. चालवणाऱ्याला परवडली, रात्री चार्ज करायला जागा मिळाली, म्हणून वाढली. अंदाज कुठे चुकतो ते इथे कळतं. आपण गाड्या मोजतो, पण गाडीला वीज कुठून मिळणार ते विचारत नाही.

आपल्या मुंबईला हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १८७४ पासून इथे घोड्यांची ट्राम होती. १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी आली, म्हणजे आजच्या बेस्टची आई. त्याच वर्षी वाडीबंदरला वीजघर सुरू झालं आणि मगच, ७ मे १९०७ ला, विजेची ट्राम धावली. आधी वीज, मग गाडी. गिरगावचा कारकून असो की परळचा गिरणी कामगार, कुणीही वीजगाडी विकत घेतली नाही. तिकीट काढलं आणि बसले.

'दादर टीटी' आपण रोज म्हणतो. त्यातलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली. १९६२ मध्ये गवालिया टँक ते माझगाव डॉक ट्रॉलीबस सुरू झाली होती, तीही १९७१ ला बंद पडली. डिझेलच्या बसला तारा-रूळ लागत नाहीत, हवी तिथे वळते. रस्त्यावरून तारा गेल्या आणि वीजगाडीही गेली. २०१७ मध्ये बेस्टच्या इलेक्ट्रिक बस आल्या, २०२३ मध्ये इलेक्ट्रिक डबलडेकर.

आता आजची गोष्ट. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा पोरगा इलेक्ट्रिक स्कूटर घेईल, पण लावणार कुठे? गल्लीत, मिळेल त्या जागी. चार्ज कशी करणार? गॅलरीतून एक्स्टेन्शनची वायर खाली सोडून? पावसाळ्यात? बॅटरी काढून वर नेता आली तर ठीक, नाहीतर पेट्रोल झिंदाबाद. २०२१ च्या धोरणात नव्या निवासी इमारतींत किमान वीस टक्के पार्किंग चार्जिंगसाठी तयार हवं असं म्हटलं होतं. चांगलंच आहे. पण ते टॉवरसाठी. पुनर्विकासाची वाट बघत बसलेल्या चाळीचं काय? तिला तर पार्किंगच नाही.

म्हणजे पेट्रोलच्या वाढत्या खर्चाने ज्याचा खिसा सगळ्यात आधी रिकामा होतो, तोच या तीस टक्क्यांच्या बाहेर राहणार.

पण या शहरात वीजपुरवठा आणि बस दोन्ही एकाच उपक्रमाकडे आहेत. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत घरात वीज बेस्टचीच येते. गणपतीच्या दिवसांत हीच बेस्ट मंडपांना तात्पुरती जोडणी देते, याच अरुंद गल्ल्यांत. दहा दिवसांसाठी जे जमतं, ते वर्षभर का जमू नये? गल्लीच्या तोंडाशी, मीटर लावलेले चार-पाच पॉइंट. आणि जोडीला पुरेशा बस, कारण बसमध्ये बसणाराही विजेवरच फिरतो, फक्त मालकीच्या आकड्यात तो दिसत नाही.

पालिकेचे उमेदवार मत मागायला दारात येतात, तेव्हा त्यांना २०३० चा आकडा विचारू नका. आमच्या वाडीत प्लग कधी, एवढंच विचारा.

तुमच्या चाळीत, वाडीत कुणी वीजगाडी घेतली असेल तर ती चार्ज कशी करतात, ते जरूर लिहा.